हॉर्नला ओ देणारा प्रवासी

एस.टी.तला जुना कंडक्टर चढणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नाही, पिशवीकडे बघतो. पिशवी नुसती फुगलेली असली तर काही बिघडत नाही. पण पिशवी हलली, की त्याचा हात तिकिटाच्या मशीनवर थांबतो.

"काय आहे हो त्यात?"

दोस्तांनो, या प्रश्नाला काय उत्तर येईल याचा काही नेम नसतो. कधी पाय बांधलेली कोंबडी निघते, कधी मांजराचं पिल्लू. आणि एकदा का ते तोंड बाहेर आलं, की इतका वेळ गप्प बसलेली अख्खी गाडी बोलायला लागते. कोणी हसतं, कोणी नाकाला पदर लावतं, कोणी सरकून बसतं, कोणी फुकटचा सल्ला देतं. पिशवीतल्या जिवाला यातलं काहीच ठाऊक नसतं. मला तर वाटतं, माणसं ओळखायची असतील तर गाडीत एखादं जनावर चढू द्यावं आणि आपण गप्प बसून बघावं.

असं बघायची उत्तम संधी मला मिळाली ती २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत, म्हसवड ते आटपाडी या रस्त्यावर.

हा मुलूख माहीत आहे का तुम्हाला? म्हसवड सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. आटपाडी सांगली जिल्ह्यात. मधे दिघंची लागतं. माणगंगा नदीवरून या सगळ्या भागाला माणदेश म्हणतात. नदी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पाणी येईल, आमच्या डोळ्यांपुढे बहुतेक महिने वाळूच येते! ढग आपलं पाणी सह्याद्रीच्या अंगावर ओतून मोकळे होतात आणि आमच्यापर्यंत येतात ते रिकामे होऊन. राजेवाडीचा भलामोठा तलाव आहे, तोही इंग्रजांच्या अमदानीत दुष्काळी कामातून झालेला. अलीकडे डाळिंबाच्या बागा दिसतात, पण जुना भरवसा मेंढरांवरच. तुमच्यापैकी कोणी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचली असेल तर हे माळ, ही मेंढरं ओळखीची वाटतील. त्यातले मास्तर वाडीवर पायी जातात. मी एस.टी.नं जाते, एवढाच फरक.

आटपाडीला शनिवारी बाजार असतो. शेळ्या-मेंढ्यांचा हा बाजार इतका नावाजलेला, की डिसेंबर २०२० मध्ये तिथं माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला ७० लाख रुपयांची बोली आली होती. आणि मालकानं तो विकला नाही! माडग्याळ मेंढरू ओळखायला सोपं. त्याचं नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार असतं. तर शनिवारी या रस्त्यावरची गाडी म्हणजे अर्धी माणसांची, अर्धी पिशव्यांची.

त्या शनिवारी सकाळी म्हसवडला गाडीत चढले तेव्हा मला मागून तिसऱ्या बाकावर जागा मिळाली. माझ्या मागे विशीतला एक मुलगा येऊन बसला. मांडीवर बिस्किटांचं मोठं खोकं, सुतळीनं घट्ट बांधलेलं. खोक्याला चारी बाजूंनी भोकं पाडलेली. गाडी सुटली आणि खोक्यातून आवाज यायला लागला. खर्र... खर्र... मग थोडा वेळ शांत. मग पुन्हा खर्र.

शेजारच्या बाकावरचे एक काका हळूच म्हणाले, "भोकं कशाला पाडलीत हो याला?"

"हवा लागायला."

आता एवढं साधं उत्तर! पण गाडीत ते भलतंच ऐकलं गेलं. कोणीतरी कोणाच्या तरी कानात 'साप' म्हणालं. तो शब्द तीन बाकं पुढे जाईपर्यंत नाग झाला आणि ड्रायव्हरपर्यंत पोचला तेव्हा नागाची जोडी झाली होती. "सर्पमित्र दिसतोय," कोणी म्हणालं. "मित्र असला तर घरात असावा, गाडीत कशाला?" एक आजी पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या. दोन धडधाकट पुरुष, बाजारात म्हशीला शिंगाला धरून ओढणारे, उभे राहून एकदम दाराकडे सरकले.

कंडक्टर आले. "उघडा ते."

मुलानं सुतळी सोडली. झाकण वर झालं आणि आतून एक मुंडकं बाहेर आलं. अहो, काय ते मुंडकं! ना पिसं, ना केस. लालनिळी सुरकुतलेली कातडी. गळ्याखाली लाल गोळ्यांचा घोस. आणि चोचीवरून खाली लोंबणारी एक लांबलचक मऊ मांसाची शेंडी.

"गिधाड!" एक जण ओरडला.

"छे हो, लांडोर असेल."

पाय वर घेतलेल्या आजी म्हणाल्या, "अगं बया, याच्या नाकावरनं आतडं कशाला लोंबतंय?"

"टर्की आहे, आजी," मुलगा लाजत म्हणाला. "नर आहे. बहिणीसाठी नेतोय."

टर्की म्हणजे काय हे निम्म्या गाडीला ठाऊक नव्हतं. काकांनी लगेच विचारलं, "किलोला काय भाव पडतो?" मुलगा एवढा शांत, पण या प्रश्नावर त्याचा चेहरा त्या पक्ष्यासारखाच लाल झाला. "विकायचा नाही. पाळायचा आहे," तो म्हणाला आणि खोक्यावर दोन्ही हात ठेवून बसला. आता गाडीत दोन पक्ष पडले. कोंबडी-टर्की खाण्यासाठीच असतात म्हणणारे, आणि 'असेल बाबा त्याची हौस' म्हणणारे. दोन्हीकडचे लोक मोठ्यानं बोलत होते. तेवढ्यात समोरून ट्रक आला आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

पोंऽऽ!

"गुडुगुडुगुडुगुड!" खोक्यातून उत्तर आलं.

क्षणभर सगळे गप्प. मग असा हशा पिकला म्हणता! ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि मुद्दाम पुन्हा हॉर्न दिला. पुन्हा "गुडुगुडुगुडुगुड!" बालमित्रांनो, ही जादू नव्हे बरं का. टर्कीच्या नराला मोठा आवाज ऐकला की ओरडून उत्तर द्यायची सवयच असते. ढग गडगडला, दार आपटलं, दुसरा पक्षी ओरडला, की हा ओ देतो. आणि त्याच्या डोक्याचा रंगही मनाप्रमाणे बदलतो. भडकला की लाल, नाहीतर निळा, पांढरा. चोचीवरची ती शेंडीसुद्धा आखूड-लांब होते. पुढचे दोन-तीन मैल रस्ता मोकळा असूनही आमच्या ड्रायव्हरनी जेवढे हॉर्न वाजवले तेवढे मी एका फेरीत कधी ऐकले नव्हते. मघाशी दाराकडे पळालेले दोघं आता टर्कीच्या शेजारी उभे राहून त्याला ज्वारीचे दाणे दाखवत होते.

दिघंचीच्या अलीकडे एका फाट्यावर गाडी थांबली. लाल मुंडासं बांधलेले एक म्हातारे धनगर चढले. खांद्यावर घोंगडी, तिच्या टोकाखाली काहीतरी छातीशी धरलेलं. मागे सात-आठ वर्षांची नात, हातात दुधाची बाटली. तीच ती, तान्ह्या बाळाची रबरी बोंडाची.

घोंगडी हलली नाही. पण कंडक्टरांची नजर पक्की. "आबा, आत काय?"

"लेकरू हाय, मास्तर."

"कुणाचं?"

"मेंढीचं."

लोक हसले. आबा हसले नाहीत. घोंगडी बाजूला केली तर आत माडग्याळ कोकरू, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांचं, डोळे अर्धे मिटलेलं, मान टाकलेली. पोट मात्र टच्च फुगलेलं. आई मेल्यापासून नातीनंच बाटलीनं वाढवलेलं. कालपासून दूध पीत नव्हतं. आटपाडीचे जनावरांचे डॉक्टर एक वाजता उठतात, मग सोमवारीच भेटतात. आणि फाट्यावर थांबणारी पुढची गाडी दुपारनंतरची.

आबांना कोणी जागा द्यायच्या आत पुढच्या बाकावरची एक बाई उठून उभी राहिली. शहरातून माहेरी आलेली असावी. "हे बघा, मला काही बोलायचं नाही, पण माझ्या मुलाला दमा आहे. लोकर, पिसं जवळ आली की त्याचा श्वास कोंडतो. एक तर कोंबड्या आहेतच, त्यात तो पक्षी, आता हे."

झालं! जी गाडी आत्तापर्यंत हसत होती तीच तिच्यावर तुटून पडली. "बाजाराची गाडी आहे ही, बाई." "एवढं असेल तर मोटार करून जायचं." "गरिबाच्या जनावराचाच वास येतो होय?"

आबांची बाजू घ्यायला एवढी माणसं पुढे आली याचं मला बरं वाटलं. पण त्यांचं बोलणं काही पटलं नाही. तिचा मुलगा खिडकीला नाक लावून बसला होता, आणि त्याच्या आईच्या मुठीत दम्याचा तो छोटा पंप होता. लाडानं नाक मुरडणं वेगळं आणि श्वास कोंडणं वेगळं. आबांनी मात्र कोणाशी वाद घातला नाही. ते नातीला म्हणाले, "चल गं, उतरू. पोराला तरास व्हाया नको." आणि खरंच दाराकडे वळले. नातीनं बाटली दोन्ही हातांनी धरली आणि ती जागची हलेना.

"थांबा हो आबा," कंडक्टर म्हणाले. "गाडी माझी आहे. मी सांगतो तसं बसायचं."

मग त्यांनी जो वर्ग लावला तो एखाद्या हेडमास्तरनं बघावा! मायलेकरू ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पहिल्या बाकावर, खिडकी सताड उघडी. तिथले दोघं त्यांच्या जागी. सगळ्या कोंबड्यावाल्यांनी उठून मागे यायचं. टर्कीवाल्या मुलानं आपली कोपऱ्यातली जागा आबांना दिली आणि खोकं पोटाशी धरून उभा राहिला. मागचं लांब बाक जनावरांचं. मी मधोमध, दोन्ही राज्यांच्या सीमेवर!

"तिकीट," कंडक्टर म्हणाले. आबा पंचाहत्तरीच्या पुढचे. २०२२ पासून अशा आजी-आजोबांना एस.टी. फुकट आहे. "आणि याचं?" त्यांनी कोकराकडे बोट दाखवलं. आबा कनवटीला हात घालायला लागले. "पाच वर्षांच्या आतलं दिसतंय," कंडक्टर म्हणाले. "मांडीवर आहे तोवर लेकरू. खाली ठेवलंत तर सामान." आबांनी ते कोकरू आटपाडी येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

तिकिटावरून एका गृहस्थांना आठवण झाली. हे गलाईवाले शेठ. आटपाडी-विटा भागातली पुष्कळ माणसं सोनंचांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात आहेत आणि त्यासाठी ती देशभर पांगली आहेत. हे बेंगळुरूला राहणारे. म्हणाले, "आमच्याकडं काय झालं माहीत आहे का? मार्च २०२४ ची गोष्ट. एक आजी आणि तिची नात बेंगळुरूहून म्हैसूरला सरकारी बसनं निघाल्या. पिंजऱ्यात चार लव्हबर्ड. आता कर्नाटकात २०२३ पासून बायकांना साध्या बसमध्ये तिकीट नाही. म्हणून आजी फुकट, नात फुकट. पण कंडक्टरनं पाखरांची चार हाफ तिकिटं फाडली! एकशे अकरा रुपयाला एक. चारशे चव्वेचाळीस रुपये! तिकिटावर काय छापलं असेल? चार मुलं!"

सगळे हसले, आबाही हसले. एक जण म्हणाला, "म्हणजे माणूस फुकट आणि पाखरू विकत." नंतर ही बातमी मीही वाचली. त्या तिकिटाचा फोटो देशभर फिरला होता.

दिघंची मागे पडल्यावर गाडी पुन्हा थांबली. या वेळी फाटा नव्हता, रस्ताच बंद होता. धनगरांचा एक वाडा निघाला होता. वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे, तर बिऱ्हाडासकट मेंढरांचा कळप. दिवाळी झाली की हे वाडे चारापाण्याच्या मुलखाकडे निघतात आणि पावसाळ्यात परत येतात. शेदोनशे मेंढरं रस्ताभर पसरलेली. मागून दोन घोडी. घोड्यांवर पाली, भांडीकुंडी, आणि त्या सगळ्यावर बांधलेली कोकरं, कोंबड्या, एक कुत्र्याचं पिल्लू, आणि सगळ्यात वर दोनेक वर्षांचं एक पोर, खुशाल झोपलेलं. तिथं तिकीट नाही, जागेवरून भांडण नाही. ज्याला चालवत नाही त्यानं घोड्यावर बसायचं, एवढाच नियम.

ड्रायव्हरनी वाट मागायला हॉर्न दिला. पोंऽऽ! लगेच टर्कीनं ओ दिली. तो विचित्र आवाज ऐकून बाहेरची मेंढरं बिचकली आणि एकदम सगळी ओरडली. बेंऽऽ बेंऽऽ!

"आबा!" नात किंचाळली. "कान हलवला! आबा, ह्यानं कान हलवला!"

खरंच, कोकराचे कान ताठ झाले होते. त्यानं मान उचलली, इकडेतिकडे बघितलं आणि पुन्हा टाकली. बस्स, एवढंच. पण मागच्या बाकावरून पुढे ओरड गेली, "ड्रायव्हर, आणखी एकदा वाजवा!" पुढच्या बाकावरून दम्याचा तो मुलगा वळून वळून बघत होता आणि त्याची आई त्याला धरून होती. तीच ड्रायव्हरना म्हणाली, "वाजवा ना हो."

आटपाडीला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. मला काम तालुक्याच्या ठिकाणी होतं, पण रस्ता तोच म्हणून मी आबांबरोबर डॉक्टरांपर्यंत गेले. डॉक्टरांनी कोकराचं पोट दाबून बघितलं, बोटानं टिचकी मारून बघितलं. नगाऱ्यासारखा आवाज आला. "दूध कसं पाजतेस गं?" त्यांनी नातीलाच विचारलं. ती म्हणाली, "सकाळी एक बाटली आन सांच्याला एक."

"गरम करून?"

तिनं मान हलवली. नाही.

आईच्या अंगाशी कोकरू दिवसातून पुष्कळ वेळा थोडं थोडं पितं, आणि ते दूध कोमट असतं. गार दूध एकदम भरपूर ढोसलं की पोट धरतं, फुगतं. कोणी लहान कोकरू-करडू बाटलीवर वाढवत असेल तर एवढं लक्षात ठेवा. डॉक्टरांनी औषध पाजलं, पोट चोळायला शिकवलं आणि तासभर तिथंच बसवून ठेवलं.

संध्याकाळच्या परतीच्या गाडीत तेच दोघं भेटले. गाडी वेगळी, कंडक्टर वेगळे, माणसंही वेगळी. आणि कोकरू? ते गाडी सुटल्यापासून जे ओरडत होतं ते थांबेना. बें, बें, बें! लोक वैतागले. "अहो आबा, तोंड धरा की त्याचं!" एक जण म्हणाला. आबा त्याच्याकडे बघून इतके आनंदानं हसले, की तो गोंधळलाच. त्याला कुठं ठाऊक होतं, सकाळी याच जिवाची मान उचलत नव्हती! "भुकेलंय," आबा म्हणाले. "भुकेलंय वो ते!"

सुट्टी संपल्यावर ही सगळी हकिगत मी चौथीच्या वर्गात सांगितली. वर्गातल्या प्रश्नांना अंत नसतो. पहिला प्रश्न आला, "बाई, आपला हिरवा पोपट नेला असता तर तिकीट किती?" म्हटलं, तिकिटाच्या आधी पोलीस येतील! रानातला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. लव्हबर्ड परदेशी, पिंजऱ्यातच वाढलेले, म्हणून चालतात. "आणि रेल्वेत कुत्रा?" कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गाचा आख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर कुत्र्यानं गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसायचं. मग मी त्यांना ससाण्यांचं सांगितलं. अरब देशांत शिकारी ससाणे पाळतात. संयुक्त अरब अमिरातीत २००२ पासून ससाण्याला स्वतःचा पासपोर्ट मिळतो आणि आखाती देशांतल्या काही विमानांत तो मालकाशेजारी बसून जातो, डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून. एक पोरगी म्हणाली, "आमच्या आबाकडं पन पासपोर्ट न्हाई." ती काही विनोद करत नव्हती.

टर्कीचं नाव फळ्यावर लिहिलं तर एकानं विचारलं, "टर्की म्हणजे तुर्कस्तानचा का?" यातली गंमत ऐका. हा पक्षी मूळचा अमेरिकेतला. मेक्सिकोतून स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात तो युरोपात नेला. इंग्रजांना वाटलं तुर्कांकडून आला, म्हणून टर्की. तुर्क लोक त्याला काय म्हणतात? 'हिंदी'! म्हणजे आपल्याकडचा. आणि पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात, त्या नावाच्या देशावरून. ज्याच्या घरी गेला त्याला तो दुसऱ्याच गावचा वाटला. या वर्षी आमच्या वर्गात कोणी मधल्या सुट्टीत पेरू खाल्ला की बाकीचे "गुडुगुडु" ओरडतात!

मग शेवटच्या बाकावरून खरा प्रश्न आला. "बाई, जनावर एकटंच गाडीत चढलं तर? बरोबर माणूसच नसला तर?"

असंही झालं आहे. इंग्लंडमध्ये प्लिमथ शहरात कॅस्पर नावाचा एक बोका होता. तो माणसांबरोबर रांगेत उभा राहून तीन नंबरच्या बसमध्ये चढायचा, सीटवर बसून फेरी मारायचा आणि आपल्या थांब्यावर उतरायचा. ड्रायव्हर त्याला ओळखत. २०१० च्या जानेवारीत रस्ता ओलांडताना एका टॅक्सीनं त्याला उडवलं.

आणि तुर्कस्तानातच, इस्तंबूल शहरात, २०२१ मध्ये बोजी होता. रस्त्यावरचा दांडगा कुत्रा, सोनेरी-तपकिरी अंगाचा, काळ्या तोंडाचा. मेट्रो, ट्राम, बोट, सगळ्यांतून हा एकटा हिंडायचा. महापालिकेच्या लोकांनी त्याला पकडून लसी टोचल्या, माग काढणारं यंत्र लावून सोडलं, तेव्हा कळलं, की हा दिवसाला तीस-तीस किलोमीटर प्रवास करतो! माणसांसारखा आधी उतरणाऱ्यांना उतरू देतो, मग चढतो. डब्याच्या चाकांवरची जागा त्याची आवडती. रेल्वेच्या डब्याखाली चाकांची जी चौकट असते तिला तिकडं 'बोजी' म्हणतात, त्यावरून त्याचं नाव पडलं. आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो ना, तोच शब्द.

लोक त्याच्याबरोबर फोटो काढायचे, त्याला जागा द्यायचे. पण सगळेच नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ट्रामच्या सीटवर कुत्र्याची घाण सापडली. फोटो काढून गवगवा झाला. बोजीनंच केलं, हाकला त्याला! महापालिकेनं ट्राममधल्या कॅमेऱ्याचं चित्रण काढून बघितलं. त्यात काय दिसलं? एक माणूस येतो, खिशातून काहीतरी काढतो आणि सीटवर ठेवतो. बोजी त्या वेळी तिथं नव्हताच!

वर्गात एकदम कालवा झाला. "त्या मानसाला काय केलं?" "त्यानं असं का केलं?" याचं उत्तर मलाही देता येईना. पुढे बोजीला त्रास होऊ नये म्हणून त्याला ट्रामपासून दूर ठेवलं आणि मग एका उद्योगपतीनं त्याला आपल्या घरी नेलं, एवढं मी सांगितलं.

"म्हणजे आता त्याला फिरायला नाही?" शेवटचा बाक नाराज झाला. मग त्यांनीच ठरवलं, मतदान घ्यायचं. बोजी म्हसवड-आटपाडी गाडीत चढला तर त्याला बसू द्यायचं की नाही? तेवीस मुलं. बावीस हात 'हो'ला वर. एक हात खाली. सगळ्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं.

"मला कुत्र्याची भीती वाटती," तो म्हणाला. गेल्या वर्षी त्याला कुत्रं चावलं होतं, पोटरीवर खूण आहे.

थोडी कुजबुज झाली. मग शेवटच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "ह्याला ड्रायव्हरच्या मागचं बाक द्यायचं, बाई. खिडकीचं." त्यानं क्षणभर विचार केला आणि हात वर केला. फळ्यावर मी बावीस खोडून तेवीस लिहिलं, आणि आम्ही गणिताची पुस्तकं काढली.